स्वर्गात जेवायला मिळत नाही : ‘विक्रमोर्वशीय’मधलं हसू आणि त्याचा भार

(कालिदासाच्या नाटकांवरील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे, बाकी बाज तसाच ठेवला आहे.)



आज ‘विक्रमोर्वशीय’. कालिदासाची नाटकं तीन, आणि त्यातलं हे मधल्या भावंडासारखं. ‘शाकुंतल’ सगळ्यांना माहीत असतं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ते मराठी संगीत रंगभूमीवर आणलं आणि तेव्हापासून ते आपल्या घरातलंच झालं. ‘विक्रमोर्वशीय’ मात्र बहुतेकांच्या वाट्याला येतं ते चौथ्या अंकापुरतं. राजा वेडापिसा होऊन रानात फिरतो, मोराला विचारतो, हंसाला विचारतो. त्या अंकामुळे हे विरहाचं, करुण नाटक आहे असा आपला समज होतो. मला तो समज आज थोडा हलवायचा आहे. एक अंक सोडला तर हे नाटक मुळात गमतीचं आहे. स्वर्गातली अप्सरा आणि पृथ्वीवरचा राजा यांचं हलकंफुलकं प्रेम. हे प्रेम हलकं राहतं तरी कसं, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

प्रश्न पडतो, कारण कालिदासाला गोष्ट मिळाली तेव्हा ती अजिबात हलकी नव्हती. उर्वशी आणि पुरूरवा यांचा संवाद ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात आहे, पंचाण्णवावं सूक्त. तिथे उर्वशी निघून चालली आहे आणि पुरूरवा तिला थांब म्हणतो आहे. ती थांबत नाही. त्याने मरण्याची भाषा केली तरी थांबत नाही. उलट बायकांच्या मैत्रीवर विसंबू नकोस असं त्याला कोरडेपणाने सांगते. पुढे शतपथ ब्राह्मणात या संवादाभोवती पूर्ण कथा येते. उर्वशी राजाकडे राहायला येते ती अटी घालून. त्यातली एक अट अशी, की तो तिला कधी विवस्त्र दिसता कामा नये. तिच्या पलंगाला एक मेंढी आणि दोन कोकरं बांधलेली असतात. गंधर्वांना उर्वशी परत हवी असते, म्हणून ते रात्री कोकरं पळवतात. ती ओरडते, हा तसाच उठून धावतो, गंधर्व वीज चमकवतात, आणि संपलं. ती नाहीशी होते.

म्हणजे मूळ गोष्टीत स्वर्ग आणि पृथ्वी यांच्यात एक दरी आहे. अट मोडली की माणूस अलीकडे आणि देवता पलीकडे. कालिदासाने काय केलं? ती अट काढून टाकली. मेंढी काढली, कोकरं काढली, वीज काढली. आणि त्या जागी एक घर आणलं. राजवाडा, राजवाड्यात एक पट्टराणी, राणीची एक हुशार दासी, आणि राजाचा एक खादाड ब्राह्मण मित्र. दिव्य प्रेमकथेत त्याने संसार घुसवला, आणि नाटकातलं जवळजवळ सगळं हसू तिथूनच येतं.

बघा कसं ते. नाटकाचं नाव आहे ‘विक्रमोर्वशीय’, म्हणजे विक्रमाने, पराक्रमाने मिळवलेली उर्वशी. केशी नावाचा दानव उर्वशीला पळवतो, सूर्याची उपासना करून परतणारा पुरूरवा तिला सोडवतो. हा पराक्रम पहिल्या अंकात, तोही पडद्यामागे, चटकन उरकतो. त्यानंतर तिच्या बाबतीत त्याचा पराक्रम कुठेच कामाला येत नाही. निघताना उर्वशीचा हार वेलीत अडकतो, निदान ती तसं म्हणते. चित्रलेखेला तो सोडवायला लावते आणि तेवढ्यात मागे वळून राजाकडे बघून घेते. विमानातून, आकाशमार्गाने फिरणारी बाई! तिला एका वेलीने अडवलं म्हणे. चित्रलेखेलाही ते पटत नाही.

दुसऱ्या अंकात राजाचं गुपित फुटतं. विदूषक माणवक हे गुपित पोटात ठेवून फिरतो आहे आणि त्याला ते पचत नाही. राणीची दासी निपुणिका येते. ती काय करते? त्याला थेट काही विचारतच नाही. महाराजांनी राणीला भलत्याच बाईच्या नावाने हाक मारली, एवढंच सांगते. हा लगेच फसतो. त्याला वाटतं, राजानेच सांगून टाकलं, मग आपण कशाला जीभ आवळून धरायची? आणि नाव बाहेर. ज्यांच्या घरात माहेरची जुनी बाई कामाला असायची, त्यांना ही युक्ती नवीन वाटणार नाही.

मग ते पत्र. उर्वशी आणि चित्रलेखा तिरस्करिणी विद्येने अदृश्य होऊन प्रमदवनात उभ्या आहेत. उर्वशी भूर्जपत्रावर दोन ओळी लिहून राजापुढे टाकते. आता ती समोर उभी आहे, तोंडाने बोलू शकते, पण पत्र लिहिते! राजा ते वाचतो आणि आपल्या बोटांच्या घामाने अक्षरं पुसली जातील म्हणून सांभाळायला कोणाकडे देतो? विदूषकाकडे. तो अर्थातच ते हरवतो. वारा ते पान उडवत नेतो आणि ते जाऊन अडकतं राणीच्या पैंजणाला. यात कुठेही दैवी क्रोध नाही, शाप नाही. सापडलेली चिठ्ठी आहे. राणी पत्र हातात घेऊन समोर उभी राहते, राजा म्हणतो की मी दुसरंच काही शोधत होतो, आणि विदूषक हळूच सुनावतो, की मुद्देमालासकट पकडलेल्या चोराने बोलायचं तरी काय!

तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला नाटकातला सर्वांत मोठा विनोद होतो, आणि तोही आपल्याला दिसत नाही, भरतमुनींच्या दोन शिष्यांच्या गप्पांतून कळतो. स्वर्गात नाटकाचा प्रयोग आहे, ‘लक्ष्मीस्वयंवर’. लेखिका साक्षात सरस्वती, दिग्दर्शक भरत, प्रेक्षक इंद्र. लक्ष्मीच्या भूमिकेत उर्वशी. तुझं मन कोणावर जडलंय, असा प्रश्न येतो. तिने म्हणायचं आहे ‘पुरुषोत्तम’. ती म्हणते ‘पुरूरवा’. पुण्यातल्या श्रोत्यांना ‘पुरुषोत्तम’ म्हटल्यावर करंडक आठवेल, आणि ज्यांनी तिथे काम केलंय त्यांना वाक्य चुकल्यावर विंगेत काय होतं तेही आठवेल. इथे तर दिग्दर्शक भरतमुनी. ते शाप देतात, तुला स्वर्गात जागा नाही. इंद्र मात्र मुरलेला आहे. तो म्हणतो, मग जा त्याच्याकडे, आणि त्याने तुझ्या पोटी झालेल्या मुलाचं तोंड पाहीपर्यंत तिथे राहा. शापाचं वरदान झालं. स्वर्गातून हकालपट्टी म्हणजे हिच्यासाठी माहेराहून पाठवणीच.

इथे भाषेचाही एक मुद्दा सांगतो, कारण तो आपल्या जवळचा आहे. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि स्त्रिया प्राकृत बोलतात. गद्य शौरसेनीत, पद्यं महाराष्ट्रीत, असा संकेत. उर्वशी स्वर्गातली असली तरी तिचं बोलणं प्राकृतात. तिचं ते पत्रही प्राकृतात. राणी औशीनरी प्राकृतात बोलते, दासी निपुणिकाही. म्हणजे कानाला ऐकताना अप्सरा आणि राणी यांच्यात स्वर्ग-पृथ्वीचं अंतर उरतच नाही. त्या दोघी एका बाजूला आणि राजा दुसऱ्या बाजूला. भाषेच्या हिशेबाने नाटकातली खरी दरी तिथे आहे. हा सगळ्याच संस्कृत नाटकांचा संकेत आहे हे खरं, पण या नाटकात तो संकेत काहीतरी बोलून जातो.

आता मी ज्यासाठी इथे उभा आहे त्या प्रसंगाकडे येतो.

तिसरा अंक, चांदणी रात्र, मणिमहालाची गच्ची. दुसऱ्या अंकाच्या शेवटी राजा राणीच्या पाया पडला होता आणि ती रागाने निघून गेली होती. त्यानंतर राजाने काय केलं आठवतं? दुपार झाली होती, विदूषकाला भूक लागली होती, दोघे स्नान-भोजनाला गेले. आता राणीचाच निरोप येतो, की मला चंद्राच्या साक्षीने एक व्रत पुरं करायचं आहे, यावं. व्रताचं नाव आहे ‘प्रियानुप्रसादन’. प्रियाला प्रसन्न करण्याचं व्रत. रुसली ती, आणि प्रसन्नही तिनेच करायचं. ती पांढरं वस्त्र नेसून येते, अंगावर सौभाग्यापुरते दागिने, केसांत दूर्वा. चंद्राची पूजा करते, नैवेद्याचे मोदक विदूषकाला देते. मग चंद्राला साक्षी ठेवून सांगते, की आजपासून माझ्या पतीला जी स्त्री आवडते आणि जिला तो आवडतो, तिच्याशी मी प्रेमाने वागेन.

उर्वशी अदृश्य होऊन हे सगळं बघते आहे. अभिसारिकेचा वेश करून आलेली. राणीला पाहून ती मोकळेपणाने म्हणते, की ही तेजात इंद्राणीहून कुठेही कमी नाही. राणी राजाला म्हणते, माझं सुख बाजूला ठेवून तुम्हाला सुखी करायचं आहे मला. आणि निघून जाते. ती नाटकात पुन्हा रंगमंचावर येत नाही.

ह्या सगळ्यात विदूषक काय म्हणतो? तो पुटपुटतो, की हात तुटलेल्या कोळ्याच्या हातून मासा निसटला, की तो म्हणतो, चला, तेवढंच पुण्य! प्रेक्षक हसतो. मीही पहिल्यांदा वाचताना हसलो. पण वाक्य जरा थांबून बघा. विदूषक म्हणतोय की हा त्याग वगैरे काही नाही. हिच्या हातात काही उरलंच नव्हतं, म्हणून ही उदार झाली. आणि हात तुटलेला आहे असंही तो म्हणतोय. तो कोणी तोडला, हे मात्र तो विचारत नाही. त्याचं पोट मोदकांनी भरलेलं आहे.

राणीची पाठ वळते न वळते तोच उर्वशी मागून येऊन राजाचे डोळे झाकते. आणि तिचं पहिलं बोलणं काय? राणीनेच मला महाराज दिले आहेत, तेव्हा मला आगाऊ समजू नका! गंमत आहे, लाडिकपणा आहे, आणि कायदेशीर कागदही आहे. क्षणापूर्वी एका बाईने मान खाली घालून जे दिलं, ते ही परवाना म्हणून दाखवते. मी सुरुवातीला विचारलं होतं, हे प्रेम हलकं कसं राहतं. याचं उत्तर मला इथे सापडतं. त्याचा भार औशीनरीने उचललेला आहे. मूळ कथेतली दरी कालिदासाने बुजवली, पण ती बुजवायला माती कुठून तरी आणावी लागते.

याच प्रसंगाच्या शेवटी ते वाक्य येतं ज्यावरून मी आजच्या व्याख्यानाला नाव दिलं. चित्रलेखा राजाला विनवते, माझ्या सखीला स्वर्गाची आठवण येणार नाही असं बघा. विदूषक म्हणतो, स्वर्गात आठवण येण्यासारखं आहे काय? तिथे ना खाणं ना पिणं, नुसतं माशासारखं डोळे न मिटता बघत बसायचं. देवांच्या पापण्या लवत नाहीत, त्यावरचा हा विनोद. विनोद खरा आहे. उर्वशी स्वर्ग सोडते ती याचसाठी, की पृथ्वीवर भूक आहे, चुकणं आहे, रुसणं आहे. पण रुसण्याची मुभा कोणाला किती, हे पृथ्वीवरही समान नाही.

ते चौथ्या अंकात दिसतं. गंधमादन पर्वतावर मंदाकिनीच्या काठी उदयवती नावाची विद्याधरकन्या वाळूत खेळत असते. राजा तिच्याकडे जरा जास्त वेळ बघतो. बस, एवढंच. उर्वशी संतापते, स्त्रियांना बंदी असलेल्या कुमारवनात शिरते आणि तिची वेल होते. म्हणजे आता उर्वशी नेमकी औशीनरीच्या जागी उभी आहे. तोच राजा, तीच सवय, तोच राग. पण फरक केवढा! औशीनरी रुसली तेव्हा राजा जेवायला गेला. उर्वशी रुसली तेव्हा तो वेडा झाला. मोर, कोकिळा, हंस, चक्रवाक, भुंगा, हत्ती, डोंगर, नदी, सगळ्यांना विचारत सुटला. शेवटी संगमनीय मणी हातात घेऊन एका वेलीला मिठी मारतो आणि वेलीची उर्वशी होते. या अंकातल्या अपभ्रंश पद्यांवर विद्वानांचा मोठा वाद आहे. शंकर पांडुरंग पंडितांनी १८७९ मध्ये मुंबई संस्कृत मालेत या नाटकाची आवृत्ती काढली, तेव्हा ही पद्यं कालिदासाची नव्हेत अशी भूमिका घेतली होती. तो वाद महत्त्वाचा आहे. पण मला नेहमी वाटतं, की पद्यं कोणाची यावर आपण इतकं बोललो, आणि हे अश्रू एका बाईसाठी आहेत आणि दुसरीसाठी नव्हते, यावर फार कमी बोललो.

पाचव्या अंकात उर्वशीलाही किंमत मोजावी लागते. राजाने मुलाचं तोंड पाहिलं की तिचा मुक्काम संपणार, म्हणून तिने मुलगा झाल्याबरोबर च्यवन ऋषींच्या आश्रमात सत्यवती नावाच्या तापसीकडे लपवून ठेवलेला आहे. राजाला पत्ताच नाही. अंकाच्या सुरुवातीला विदूषक म्हणतो, आमच्या राजाला एका अपत्याखेरीज काही कमी नाही. एक गिधाड मांस समजून तो लाल मणी उचलून नेतं, कोणीतरी बाण मारून ते पाडतं, बाणावर नाव कोरलेलं असतं : उर्वशी आणि पुरूरवा यांचा मुलगा आयु. आश्रमात पक्षी मारला म्हणून सत्यवती ठेव परत करायला येते. बापाला मुलगा मिळाल्याचा आनंद आणि आईच्या डोळ्यांत पाणी. प्रियकर हवा तर मूल लपव, मूल दाखवलंस तर प्रियकर गेला. स्वर्गाने घातलेली ही अट गमतीची नाही.

मग नारद येतात. देव-दानवांचं युद्ध होणार आहे, इंद्राला पुरूरव्याची गरज आहे, त्याने शस्त्र खाली ठेवून वनात जाऊ नये, आणि उर्वशी आयुष्यभर त्याच्याजवळ राहील. शेवट गोड. शीर्षकातला विक्रम इथे परत येतो, व्यवहार म्हणून.

पण पडदा पडण्याआधी एक बारीकशी गोष्ट घडते. आयुला युवराजपदाचा अभिषेक होतो आणि उर्वशी त्याला म्हणते, चल, थोरल्या आईला नमस्कार कर. राजा म्हणतो, थांबा, आपण सगळे मिळूनच जाऊ. औशीनरी मंचावर नाही. पण सगळं सुख मिळाल्यावर या कुटुंबाचे पाय तिच्याकडे वळतात, आणि ते वळवते कोण? राजा नाही, उर्वशी. त्या चांदण्या रात्री गच्चीवर तिने जे ऐकलं होतं, ते ती विसरलेली नाही असं मला वाटतं. कालिदासाने हे एक वाक्य घातलं नसतं तरी नाटक पुरं झालं असतं.

व्याख्यानानंतर एका श्रोत्या ताईंनी विचारलं : “म्हणजे सर, कालिदासाला दोष द्यायचा का? आणि मग आम्ही हसायचं की नाही?”

चांगला प्रश्न आहे. हसायचं, ताई, नक्की हसायचं. निपुणिकेच्या युक्तीवर, हरवलेल्या पत्रावर, ‘पुरुषोत्तम’च्या घोटाळ्यावर हसला नाहीत तर नाटक वाचलंच नाही असं होईल. दोषाचं म्हणाल, तर कालिदासाच्या काळात राजाला अनेक राण्या असणं हा प्रश्नच नव्हता. तो त्या चौकटीबाहेर गेला नाही. पण चौकटीत राहून त्याने राणीला खाष्ट केलं नाही, हास्यास्पद केलं नाही, आणि तिच्या त्यागावरचा सर्वांत बोचरा शेरा विदूषकाच्या तोंडी ठेवला, म्हणजे प्रेक्षकाला तो ऐकूही येईल आणि खटकेलही. जे त्याने अर्धं सोडलं, ते पुढच्यांनी उचललं. रामधारी सिंह दिनकरांचं ‘उर्वशी’ हे हिंदी काव्य १९६१ चं, त्यांना १९७२ चं ज्ञानपीठ मिळालं ते याच काव्यासाठी. त्यात औशीनरीला स्वतःचं दुःख स्वतः बोलायला भरपूर जागा आहे. ती जागा मुळात कालिदासाच्या नाटकात रिकामी होती, म्हणून ती भरावीशी वाटली.

तेव्हा घरी गेल्यावर तिसरा अंक पुन्हा वाचा. मराठी भाषांतरातून वाचलात तरी चालेल. फक्त राणी निघून गेल्यावर लगेच पान उलटू नका. तिच्या मागे निपुणिका पूजेचं सामान आवरत असेल, तेवढा वेळ थांबा. मग उर्वशीला येऊ द्या.